दोन शर्यतीच्या मोटारी : रस्त्यावर व ट्रॅकवर

वेगाचें आकर्षण मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. घोड्यांच्या शर्यती, बैलगाड्यांच्या शर्यती, होड्यांच्या शर्यती ह्या सर्वांच्या मुळाशीं एकच जिज्ञासा दिसून येते : दोघांमध्यें अधिक चपळ कोण? मोटार निर्माण झाल्यावर ही जिज्ञासा तिच्याकडे वळली, ह्यांत नवल नाहीं. दोन विद्यार्थी एकत्र जमले कीं अमुक मोटार श्रेष्ठ कीं तमुक मोटार श्रेष्ठ, असा वाद हटकून निघतो. आणि त्या वादाचा निकाल बहुधा एकाच आंकड्यावर लावला जातो. जिचा ताशी वेग अधिक, ती श्रेष्ठ! ही कसोटी कितपत खरी आहे, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें उदाहरण इ. स. १९५५ सालचें असून त्यांतील दोन प्रतिस्पर्धी मोटारी म्हणजे जर्मनीची मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर व इंग्लंडची जग्वार डी-टाइप ह्या होत.

कोल्हापूरकरांना हीं नांवें परकीं वाटण्याचें कारण नाहीं. विजयादशमीच्या दिवशीं दसरा चौकांतील सोहळ्यास छत्रपतींच्या घराण्याची जी संस्थानकालीन मेबॅक मोटार येते, ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मेबॅक हें नांव ज्या घराण्याचें, त्यांतील विल्हेल्म मेबॅक ह्या इंजिनिअरानेंच विसाव्या शतकाच्या आरंभीं डाइमलर कंपनींत पहिली मर्सिडीज मोटार तयार केली. पुढें १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें डाइमलर-बेंझशीं करार करून जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला, आणि तीन टोकांची चांदणी मिरविणाऱ्या त्या मालमोटारी भारतीय रस्त्यांवर धांवूं लागल्या. मर्सिडीजचा भारतांतील कारखाना पुणें जिल्ह्यांत चाकण येथें आहे. आणि जग्वार कंपनी तर २००८ सालीं टाटांच्याच मालकीची झाली. अशा रीतीनें एके काळचे दोन कट्टर प्रतिस्पर्धी महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले आहेत.

कुस्तीचा फड ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस एक गोष्ट ठाऊक असते. जोड तोलामोलाची असली तरी दोघे मल्ल एकसारखे कधींच नसतात. एकाचा भरंवसा अंगच्या ताकदीवर, तर दुसऱ्याचा डावावर. ह्या दोन मोटारींचेंहि तसेंच होतें.

प्रथम मर्सिडीज पाहूं. तिचा रचनाकार रुडॉल्फ ऊलेनहाउट हा जर्मन इंजिनिअर असला तरी त्याचा जन्म लंडनचा होता, ही गंमतीची गोष्ट होय. ३०० एसएलआरच्या इंजिनांत आठ सिलिंडर एका ओळींत मांडलेले होते. त्यांचें एकूण आकारमान २९८२ घनसेंटिमीटर, म्हणजे तीन लिटरांहून किंचित् कमी होतें. साध्या इंजिनांत झडपा उघडण्याचें काम यंत्र करितें, परंतु त्या मिटण्याचें काम स्प्रिंगवर सोंपविलेलें असतें. इंजिन अतिशय वेगानें फिरूं लागलें म्हणजे स्प्रिंग मागें पडते. म्हणून मर्सिडीजच्या इंजिनांत झडपा मिटविण्याचें कामहि यंत्राकडेच दिलें होतें. शिवाय पेट्रोल कार्ब्युरेटरमधून न ओढतां पिचकारीप्रमाणें मोजून थेट सिलिंडरांत सोडण्याची योजना होती. ह्या सर्व युक्तींमुळें ह्या लहानशा इंजिनापासून सुमारें ३०० अश्वशक्ति मिळत असे. मोटारीचा सांगाडा बारीक नळ्यांचा असून वरचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें होतें. हा धातु ॲल्युमिनिअमहूनहि हलका आहे. परंतु त्याच्या अंगीं असलेला एक घातक गुण पुढें दिसून येणार होता.

जग्वारचें इंजिन सहा सिलिंडरांचें व ३४४२ घनसेंटिमीटरांचें होतें. तें आकारानें मोठें असूनहि त्याची शक्ति मर्सिडीजपेक्षां कमी, म्हणजे सुमारें २७० अश्वशक्ति होती. येथेंच एखादा विद्यार्थी म्हणेल कीं, निकाल लागला! परंतु थांबा. जग्वारचा बाह्य आकार माल्कम सेयर ह्या गृहस्थानें रेखाटला होता आणि त्यानें पूर्वीं विमानाच्या कारखान्यांत काम केलें होतें. वेग वाढत जातो तसतसा मोटारीचा खरा शत्रु रस्ता नसून वारा होतो, हें तो जाणून होता. म्हणून त्यानें मोटार माशाप्रमाणें गुळगुळीत व निमुळती केली आणि चालकाच्या डोक्यामागें माशाच्या पंखासारखा एक उभा पंख बसविला. सरळ रस्त्यावर मोटार न डगमगतां जावी, हा त्याचा हेतु. कमी शक्तीच्या इंजिनानिशीं जग्वार ताशीं सुमारें २८० किलोमीटर वेगानें धांवे, ह्याचें रहस्य ह्या आकारांत होतें.

परंतु जग्वारचें सर्वांत मोठें बळ तिच्या धांवण्यांत नसून तिच्या थांबण्यांत होतें. ही गोष्ट नीट समजावी म्हणून ब्रेकचें थोडें शास्त्र पाहणें अवश्य आहे.

धांवत्या मोटारीच्या अंगीं जी ऊर्जा असते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. वेग तिप्पट झाला तर ती नऊपट होते. ब्रेक दाबला म्हणजे ही ऊर्जा नाहींशी होत नाहीं. घर्षणानें तिची उष्णता होते, एवढेंच. चालक व इंधन धरून १००० किलो वजनाची मोटार ताशीं २८० किलोमीटर वेगानें जात आहे असें समजूं. गणित केल्यास तिची ऊर्जा सुमारें तीस लक्ष ज्यूल भरते. इतक्या उष्णतेनें साधारण दहा लिटर थंड पाण्यास उकळी येईल. घरीं बंबांतलें पाणी तापावयास किती वेळ लागतो, हें आपण जाणतों. शर्यतींत मात्र तेवढी उष्णता अवघ्या कांहीं सेकंदांत चार चाकांच्या ब्रेकांत निर्माण होते.

जुन्या पद्धतीच्या ब्रेकांत चाकाबरोबर फिरणारा एक पोकळ ड्रम असतो आणि त्याच्या आंतील बाजूस लायनर दाबले जातात. घर्षण आंत होतें, त्यामुळें उष्णता कोंडून राहते. ड्रम तापून प्रसरण पावतो व लायनरापासून दूर सरूं लागतो. लायनरहि अति तापल्यामुळें त्याची पकड सुटते. चालक पाय दाबीत राहतो, पण मोटार ऐकत नाहीं. चकतीच्या ब्रेकांत ह्याच्या उलट असतें. चाकाबरोबर एक उघडी लोखंडी चकती फिरते आणि दोन्ही बाजूंनीं ती चिमट्यांत धरावी तशी धरली जाते. चकती उघडी असल्यामुळें वारा तिला सतत निववीत असतो; आणि ती तापून किंचित् जाड झाली तरी चिमट्याची पकड ढिली होत नाहीं, उलट घट्ट होते. डनलॉप कंपनीच्या साह्यानें जग्वारनें हे ब्रेक शर्यतीच्या मोटारींस बसविले, आणि १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. चकतीच्या ब्रेकांनीं मिळविलेला तेथील तो पहिला विजय होय.

मर्सिडीजनें मात्र ड्रमच ठेविले. ते फार मोठे असून चाकांत न बसवितां मोटारीच्या आंतल्या अंगास बसविलेले होते. तरीहि ल मां येथें ते पुरे पडणार नाहींत, हें ऊलेनहाउटच्या मंडळीस कळून चुकलें होतें. म्हणून त्यांनीं चालकाच्या पाठीमागें सुमारें पाऊण चौरस मीटरचें एक झांकण बसविलें. चालकानें खटका ओढतांच तें उभें राही आणि वाऱ्याच्या विरोधानें मोटारीचा वेग उतरे. पक्षी झाडावर उतरतांना पंख पसरून वेग आवरतो, तसाच हा प्रकार. एका पक्षानें वाऱ्याला फसवून वेग मिळविला. दुसऱ्यानें त्याच वाऱ्याची मदत घेऊन वेग आवरला.

आतां रस्त्याची परीक्षा पाहूं. इटालींत त्या काळीं मिल्ये मील्या, म्हणजे ‘सहस्र मैल’, ह्या नांवाची शर्यत होत असे. ब्रेशा शहरापासून रोमपर्यंत जाऊन पुन्हां ब्रेशास परत यावयाचें. अंतर जवळजवळ १६०० किलोमीटर. आणि मार्ग म्हणजे नित्याचा सार्वजनिक रस्ता. त्यावर गांवें होतीं, पूल होते, घाट होते, रेल्वेची फाटकें होतीं, आणि दुतर्फा लोकांची दाटी होती. १ मे १९५५ रोजीं सकाळीं ७ वाजून २२ मिनिटांनीं मर्सिडीजची ७२२ क्रमांकाची मोटार निघाली. स्टर्लिंग मॉस हा तरुण इंग्रज चालक होता व त्याच्या शेजारीं डेनिस जेन्किन्सन हा वार्ताहर बसला होता. ह्या दोघांनीं तत्पूर्वीं त्या मार्गावर फिरून प्रत्येक वळणाची व उंचवट्याची टिपणें केलीं होतीं. त्या टिपणांची सुमारें पांच मीटर लांबीची पट्टी एका पेटींत गुंडाळलेली असून जेन्किन्सन ती फिरवीत वाची. इंजिनाच्या गर्जनेंत शब्द ऐकूं येणें अशक्य, म्हणून तो हाताच्या खुणांनीं पुढील वळण कसें आहे हें सांगे. पुढचा उंचवटा ओलांडल्यावर रस्ता सरळ आहे कीं वांकडा, हें दिसत नसतांहि मॉस त्या खुणांवर विश्वास ठेवून मोटार हांकी. दहा तास, सात मिनिटें व अठ्ठेचाळीस सेकंदांत त्यांनीं शर्यत पुरी केली. सरासरी वेग ताशीं १५७ किलोमीटरांहून अधिक भरला. हा विक्रम पुढें कोणासहि मोडतां आला नाहीं.

ह्या विजयांत इंजिनाचा वांटा होताच. परंतु चाकांच्या रचनेचाहि मोठा वांटा होता. बैलगाडीचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर असतात, त्यामुळें एक चाक दगडावर चढलें कीं सगळी गाडी कलते. जग्वारच्या मागच्या चाकांची जोडणी तत्त्वतः अशीच, म्हणजे एका अखंड आंसाची होती. गुळगुळीत रस्त्यावर ती मजबूत व बिनतक्रार असे; परंतु खांचखळग्यांच्या वांकड्यातिकड्या रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्यास बसून पकड सुटे. मर्सिडीजचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होत असल्यामुळें खडबडीत रस्त्यावर तिचीं चाकें जमीन सोडीत नसत. अर्थात् जग्वार मुख्यतः ल मांच्या सपाट मार्गासाठीं बांधलेली, तर मर्सिडीज सर्व प्रकारच्या मार्गांसाठीं बांधलेली, असा हा भेद होता.

ल मां येथील मार्ग १३ किलोमीटर ४९२ मीटर लांबीचा होता. तोहि बव्हंशीं सार्वजनिक रस्त्यांचाच, परंतु शर्यतीपुरता बंद करून त्याचा ट्रॅक केलेला. त्यांत जवळजवळ सहा किलोमीटरांचा एक सरळ भाग असून त्याच्या शेवटीं काटकोनांत वळण येई. म्हणजे प्रत्येक फेरींत ताशीं २८० किलोमीटरांवरून एकदम घोड्याच्या चालीवर यावयाचें, आणि असें चोवीस तासांत तीनशेंहून अधिक वेळां करावयाचें! ब्रेकची ह्याहून कठोर परीक्षा दुसरी नव्हती.

११ जून १९५५ रोजीं दुपारीं चार वाजतां शर्यत सुरू झाली. जग्वारमध्यें माइक हॉथॉर्न व मर्सिडीजमध्यें हुआन मॅन्युएल फॅन्जियो हे दोघे इतक्या अटीतटीनें झुंजूं लागले कीं, फेरीचा विक्रम पुन्हां पुन्हां मोडूं लागला. वळणांतून बाहेर पडतांना मर्सिडीज जवळ येई. वळणापूर्वीं ब्रेक दाबण्याची वेळ आली कीं जग्वार अधिक उशिरां ब्रेक दाबूनहि सुरक्षित थांबे व पुढें राही. हॉथॉर्ननें एक फेरी ४ मिनिटें ६.६ सेकंदांत, म्हणजे ताशीं जवळजवळ १९७ किलोमीटर वेगानें पुरी केली. दोन्ही मोटारींचे गुण प्रेक्षकांस डोळ्यांसमोर दिसत होते.

परंतु सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास जें घडलें, त्यानें ही तुलना गौण ठरली. पेट्रोल भरण्याकरितां मोटारी जेथें थांबत, तो भाग मुख्य रस्त्यापासून वेगळा केलेला नव्हता. हॉथॉर्ननें लान्स मॅक्लिनच्या ऑस्टिन-हीलीस मागें टाकिलें आणि लगेच थांबण्यासाठीं ब्रेक दाबला. मॅक्लिननें आपली मोटार डावीकडे वळविली. त्याच वेळीं मागून ताशीं सुमारें २४० किलोमीटर वेगानें पिएर लव्हे ह्या फ्रेंच चालकाची मर्सिडीज येत होती. तिला थांबण्यास अवकाशच राहिला नाहीं. ती पुढील मोटारीच्या उतरत्या पाठीवरून उसळून मातीच्या बांधावर आदळली; तिचें इंजिन व पुढचा आंस सुटून प्रेक्षकांच्या गर्दींत घुसला. शाळेच्या प्रयोगशाळेंत मॅग्नेशियमची फीत पेटवून पाहिलेल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल कीं, ती डोळे दिपविणाऱ्या प्रकाशानें जळते व पाण्यानें विझत नाहीं. मर्सिडीजचें तें हलकें कवच तसेंच पेटलें. लव्हे तत्काळ मरण पावला, आणि त्याच्याबरोबर ऐंशींहून अधिक प्रेक्षक प्राणांस मुकले. मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासांत इतका मोठा अनर्थ दुसरा झालेला नाहीं.

शर्यत थांबविण्यांत आली नाहीं. एकदम सर्व लोक बाहेर पडल्यास रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, असें चालकमंडळानें कारण दिलें. मध्यरात्र उलटून गेल्यावर मर्सिडीजच्या वरिष्ठांनीं आपल्या उरलेल्या मोटारी मागें घेतल्या. त्या वेळीं त्यांची मोटार दोन फेऱ्यांनीं पुढें होती. जग्वारनें शर्यत चालू ठेविली आणि हॉथॉर्न व आयव्हर ब्यूब ह्यांनीं ४१३५ किलोमीटर अंतर कापून ती जिंकली. असा विजय मिळाला तरी त्यांत आनंद तो कसला? हरलेल्या पक्षानें मागें घेतलेलें पाऊल त्या रात्रीं अधिक शोभून दिसलें, असें पुष्कळांस वाटलें.

पुढें सरकारी चौकशी झाली. तींत कोणा एका चालकावर दोष ठेवण्यांत आला नाहीं. मार्गाची रचनाच अशा वेगांस अपुरी असल्याचें दिसून आलें. येथें पुन्हां वर्गाचा नियम आठवावा. ल मां येथील पहिली शर्यत १९२३ सालीं झाली, तेव्हां विजयी मोटारीची सरासरी ताशीं ९२ किलोमीटर होती. १९५५ सालीं ती १७२ झाली. वेग दुपटीहून थोडा कमीच वाढला, परंतु मोटारींची ऊर्जा समान वजनास सुमारें साडेतीनपट झाली. मोटारी बदलल्या, बांध, रस्त्याची रुंदी व प्रेक्षकांचें अंतर हीं मात्र जुन्या मापानेंच राहिलीं. इंजिनें सुधारणाऱ्यांनीं बत्तीस वर्षें अहोरात्र परिश्रम केले. रस्त्याकडे तितक्या कळकळीनें कोणी पाहिलें नाहीं. त्या चुकीची किंमत ज्यांनीं दिली, ते शर्यतींत नव्हतेच. ते केवळ पाहावयास आलेले लोक होते. ह्यानंतर तेथील थांबण्याची जागा व प्रेक्षकांच्या बैठका नव्यानें बांधण्यांत आल्या. स्वित्झर्लंडनें तर आपल्या देशांत ट्रॅकवरील शर्यतींस बंदी केली आणि ती कित्येक दशकें टिकली.

मिल्ये मील्याचीहि तीच गत झाली. १९५७ सालीं एका मोटारीचा टायर फुटून ती लोकांत घुसली. मृतांत लहान मुलेंहि होतीं. त्याबरोबर सार्वजनिक रस्त्यावरील ती वेगाची शर्यत कायमची बंद झाली.

मर्सिडीज व जग्वार ह्यांची गांठ १९५५ च्याच सप्टेंबरांत पुन्हां पडली. उत्तर आयर्लंडमधील डंड्रॉड येथें अरुंद व वळणावळणांच्या ग्रामीण रस्त्यांचा मार्ग होता. तेथें हॉथॉर्ननें एकट्या जग्वारनिशीं तीन मर्सिडीजांशीं दीर्घ काळ झुंज दिली. परंतु शेवटीं शेवटीं त्याच्या इंजिनानें दगा दिला आणि पहिले तिन्ही क्रमांक मर्सिडीजनें पटकाविले. जगज्जेतेपदहि त्या वर्षीं तिनेंच मिळविलें. वर्षअखेर मर्सिडीजनें शर्यतींचें क्षेत्रच सोडलें व तीस वर्षांच्या आसपास ती त्याकडे फिरकली नाहीं. जग्वार डी-टाइपनें १९५६ व १९५७ सालींहि ल मां जिंकून तेथील आपलें श्रेष्ठत्व सिद्ध केलें.

मग दोहोंत श्रेष्ठ कोण? वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोठें?’ हा शब्द त्यास जोडल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. खडबडीत व अपरिचित रस्त्यावर मर्सिडीज श्रेष्ठ. सपाट मार्गावर, जेथें पुन्हां पुन्हां वेग आवरावयाचा तेथें जग्वार तिच्या तोडीस तोड. ह्या दोन्ही मोटारींना सामान्य रस्त्यावर आणण्याचाहि प्रयत्न झाला. ऊलेनहाउटनें ३०० एसएलआरवर छप्पर घालून दोन मोटारी केल्या व त्यांपैकीं एक तो स्वतः रस्त्यावर चालवी. त्यांपैकींच एक मोटार २०२२ सालीं साडेतेरा कोटि युरोंस विकली गेली आणि ती रक्कम तरुणांच्या शिष्यवृत्त्यांकरितां ठेवण्यांत आली. जग्वारनेंहि डी-टाइपला कांच, दार व छप्पर लावून एक्सकेएसएस नांवाची मोटार काढली. परंतु फेब्रुवारी १९५७ मध्यें कारखान्यास आग लागली, आणि सोळाच मोटारी पुऱ्या होऊं शकल्या. म्हणजे शर्यतीची मोटार जशीच्या तशी सर्वांच्या उपयोगास आली, असें कांहीं झालें नाहीं.

सर्वांच्या उपयोगास आला तो ब्रेक. १९५५ च्याच ऑक्टोबरांत फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीनें आपल्या नव्या डीएस मोटारीच्या पुढच्या चाकांस चकतीचे ब्रेक बसवून त्या बाजारांत आणल्या, आणि हळूहळू सगळ्या जगानें त्यांचा स्वीकार केला. आपल्या वडिलांच्या किंवा काकांच्या मोटारसायकलीचें पुढचें चाक पाहा. त्याच्या बाजूस बारीक भोकांची एक चकाकणारी चकती दिसल्यास ती ल मांच्या त्या चकतीचीच वंशज आहे, असें समजावें. ओतीव लोखंडाच्या कामांत कोल्हापूरचें नांव मोठें आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांतून मोटारींचे सुटे भाग देशोदेशीं जातात. तेव्हां असा भाग ओतणाऱ्या कारागिराच्या हातीं पुष्कळांचे प्राण असतात, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां शर्यतीचें मैदान सोडून आपल्या घाटाकडे वळूं. कोल्हापूरहून कोंकणांत उतरावयाचें म्हणजे आंबा, करूळ, भुईबावडा किंवा फोंडा ह्यांपैकीं कोणता तरी घाट उतरावा लागतो. सोळा टन भरलेली मालमोटार शंभर मीटर उंची उतरली म्हणजे दीड कोटींहून अधिक ज्यूल ऊर्जा मोकळी होते. वर सांगितलेल्या शर्यतीच्या मोटारीच्या ऊर्जेहून ही पांचपट आहे! तिनें पन्नास लिटर पाण्यास उकळी येईल. आणि घाट कांहीं शंभर मीटरांत संपत नाहीं. मालमोटारींस बहुधा ड्रमाचेच ब्रेक असतात. एखादा चालक थोड्या डिझेलच्या लोभानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकून केवळ ब्रेकांवर घाट उतरूं लागला, तर ती सगळी उष्णता ड्रमांत सांठते. अर्ध्या घाटांत जळका वास येतो आणि नंतर पाय कितीहि दाबला तरी गाडी थांबत नाहीं. म्हणून जाणते चालक सांगतात कीं, ज्या गिअरांत घाट चढावा, त्याच गिअरांत तो उतरावा. मग इंजिनच गाडीला मागें ओढून धरितें आणि ब्रेक संकटकाळासाठीं थंड राहतात. ल मांचे इंजिनिअर कोट्यवधि खर्चून जें शिकले, तें आपल्याकडील जुना चालक अनुभवानें शिकलेला असतो.

नव्या तरुण चालकांसाठीं आणखी एक हिशोब देतों. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तो धरून, कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास सुमारें २० मीटर लागतात. ८० च्या वेगास ५८ मीटर. आणि १२० च्या वेगास ११४ मीटर. वेग तिप्पट, तर अंतर जवळजवळ सहापट! पावसाळ्यांत रस्ता ओला झाला म्हणजे हें अंतर आणखी पुष्कळ वाढतें. भारतांत २०१९ सालापासून १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या मोटारसायकलींस चाक अडकूं न देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली, हें उत्तम झालें. परंतु ती यंत्रणा चाकास आवरते. हात आवरणें ज्याचें त्यानेंच शिकावयाचें असतें.

ह्याचा अर्थ वेगाची हौस वाईट, असा नव्हे. तिला योग्य स्थान पाहिजे. कोल्हापुरांतील मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तेथें डोक्यास शिरस्त्राण असतें, रस्ता एकाच दिशेचा असतो, आणि समोरून शाळेंतून परतणारें मूल किंवा उंसाची गाडी येत नाहीं. वेगाची परीक्षा तेथें व्हावी. सार्वजनिक रस्ता सर्वांचा आहे. तेथें परीक्षा असते ती सावधपणाची.

मॉस व जेन्किन्सन ह्यांनीं इटालीचा रस्ता जिंकला तो तीनशें अश्वशक्तींच्या जोरावर खरा, परंतु त्याहूनहि अधिक पांच मीटर कागदावरील टिपणांच्या जोरावर. जग्वारनें ल मांचा मार्ग जिंकला तो एका लोखंडी चकतीच्या जोरावर. पुढें काय आहे ह्याचें ज्ञान आणि वेळेवर थांबण्याचें सामर्थ्य, ह्या दोन गोष्टी ज्याच्यापाशीं आहेत त्यानेंच वेगाची इच्छा धरावी. ह्यापुढें दोन मोटारींची तुलना करण्याचा प्रसंग येईल तेव्हां ‘ती किती धांवते?’ ह्या प्रश्नाबरोबरच ‘ती किती अंतरांत थांबते?’ हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य विचारावा. आणि मोटारीची किल्ली मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं त्याच्या पालकांनींहि तोच प्रश्न त्यास विचारावा.